फूल, हवा आणि अर्धे मैदान

नवी मुंबईतल्या एका शाळेच्या विज्ञान मंडळाने आम्हाला व्याख्यानाला बोलावले होते. कार्यक्रमाला थोडा अवकाश होता, म्हणून सभागृहात चाललेला मुलांचा बॅडमिंटनचा खेळ पाहत आम्ही बसलो. शेजारी नववीतली एक मुलगी वहीत गुण मांडत होती. तिच्या एका पायात जन्मापासून दोष होता. खेळाच्या तासाला गुणलेखन कायम तिच्याकडेच असते, असे तिने सांगितले. वर्गात आपला बाक कितवा हे सांगावे, इतक्या सहज तिने ते सांगितले. मग तिने विचारले, "सर, फूल रॅकेटवरून निघतं तेव्हा दिसतसुद्धा नाही. मग पलीकडे पोचेपर्यंत इतकं हळू कसं होतं? चेंडूचं तर असं होत नाही."

खेळणाऱ्यांपैकी कोणालाही हा प्रश्न पडला नव्हता. तिला पडला, कारण तिच्या वाट्याला फक्त पाहणे आले होते. तिच्या प्रश्नाचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे आणि ते नववी-दहावीच्या वर्गात सहज सांगता येते. पण तिने न विचारलेला आणखी एक प्रश्न आमच्या मनात राहिला. तिलाही खेळता येईल का? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एका खेळाडूच्या कारकिर्दीत एकत्र सापडतात. ती खेळाडू वाढली ती आमच्या खाडीच्या पलीकडच्या काठावर.

खाडीपलीकडची खेळाडू

वाशीचा खाडीपूल ओलांडून मुंबईत शिरले, की मानखुर्दजवळ अणुशक्तीनगर ही भाभा अणुसंशोधन केंद्राच्या कर्मचाऱ्यांची वसाहत लागते. मानसी जोशी येथे लहानाची मोठी झाली. तिचे वडील याच केंद्रात नोकरीला होते. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास वडिलांबरोबर तिने रॅकेट हातात घेतली. पुढे विद्याविहारच्या के. जे. सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून २०१० साली ती इलेक्ट्रॉनिक्सची अभियंता झाली आणि नोकरीला लागली. तोपर्यंत बॅडमिंटन हा तिचा छंद होता, व्यवसाय नव्हता.

डिसेंबर २०११ मध्ये दुचाकीवरून कामाला जात असताना एका ट्रकखाली तिचा डावा पाय सापडला. पाय वाचवण्याचे प्रयत्न झाले, पण काही दिवसांनी तो गुडघ्याच्या वरून कापावा लागला. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. पुढच्या वर्षी कृत्रिम पाय लावून ती आपल्या कंपनीच्या स्पर्धेत खेळली आणि जिंकली. २०१५ साली इंग्लंडमध्ये झालेल्या पॅरा-बॅडमिंटनच्या जागतिक स्पर्धेत राकेश पांडे यांच्या जोडीने तिने मिश्र दुहेरीचे रौप्यपदक मिळवले. २०१७ साली दक्षिण कोरियात एकेरीचे कांस्यपदक मिळाले. २०१८ मध्ये ती सरावासाठी हैदराबादच्या पुल्लेला गोपीचंद अकादमीत गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात अंतिम सामन्यात भारताच्याच पारुल परमार हिला २१-१२, २१-७ असे हरवून ती जगज्जेती झाली.

त्याच शहरात, त्याच दिवसांत पी. व्ही. सिंधूनेही जागतिक विजेतेपद मिळवले होते. मानसीची बातमी त्या गजरात बरीच झाकली गेली. पण विज्ञानाच्या शिक्षकाने थांबून पाहावे असे मानसीच्या खेळात पुष्कळ आहे. त्यासाठी आधी फुलाकडे वळू.

हवेचा ब्रेक

बॅडमिंटनच्या फुलाचे वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम असते. बुचाच्या गोल टोकात १६ पिसे बसवलेली असतात. जड बूच एका टोकाला आणि हलका, पसरट घेर दुसऱ्या टोकाला, अशी ही रचना आहे. त्यामुळे फुलाचा गुरुत्वमध्य बुचाजवळ असतो, तर हवेचा रोध मुख्यतः मागच्या घेरावर पडतो. फूल कसेही सोडा, ते वळते आणि बूच पुढे करूनच जाते.

उंचावरून सोडलेले फूल आधी वेग घेते. वेग वाढतो तसा हवेचा रोधही वाढतो आणि शेवटी तो फुलाच्या वजनाइतका होतो. त्यानंतर वेग वाढत नाही. या स्थिर वेगाला अंत्य वेग म्हणतात. पिसांच्या फुलाचा अंत्य वेग सेकंदाला सुमारे ६.७ मीटर, म्हणजे ताशी २४ किलोमीटर भरतो. क्रिकेटच्या चेंडूचा अंत्य वेग याच्या पाचपटीच्या आसपास असतो.

आता एक सोपा हिशेब करू. या वेगांना हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंत्य वेगाला रोध फुलाच्या वजनाइतका असतो. खेळाडूने फूल त्याच्या दहापट वेगाने, म्हणजे ताशी २४० किलोमीटरने मारले, तर रोध शंभरपट होईल. म्हणजे पाच ग्रॅमच्या फुलाला अर्ध्या किलोच्या वजनाइतके बल मागे ओढू लागेल. ते फूल कचकन मंदावते यात नवल काय?

ते मंदावते त्यातही एक नेमकेपणा आहे. समजा, फुलाचा वेग दुप्पट केला. रोध चौपट झाला, पण एक मीटर अंतर कापायला वेळ निम्माच लागला. म्हणजे त्या एका मीटरमध्ये फुलाने गमावलेला वेग दुप्पट झाला. वेग दुप्पट आणि घटही दुप्पट, म्हणजे घटीचे प्रमाण तेच राहिले. फूल जोरात मारा किंवा हळू, आडव्या मार्गात ते दर मीटरमागे आपल्या वेगाचा सुमारे पाचवा हिस्सा गमावते. हे चक्रवाढ व्याजाच्या उलट गणित आहे. ते पुढे चालवले, की दर ३.२ मीटरला वेग जवळजवळ निम्मा होतो, असे दिसेल.

बॅडमिंटनचे मैदान १३.४ मीटर लांब असते. ताशी २४० किलोमीटरने सुटलेल्या स्मॅशचा वेग ३.२ मीटरवर १२०, ६.४ मीटरवर ६० आणि ९.६ मीटरवर ३० किलोमीटर होतो. (फार वेगात पिसांचा घेर थोडा आवळतो, म्हणून प्रत्यक्ष आकडे जरा वेगळे येतात, पण चित्र हेच राहते.) क्रिकेटचा चेंडू मात्र अख्ख्या खेळपट्टीवर आपल्या वेगाचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा गमावतो. त्या मुलीने डोळ्यांनी टिपलेला फरक तो हाच. वृत्तपत्रांत येणारे स्मॅशच्या वेगाचे विक्रमही असेच वाचायला हवेत. सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी याने २०२३ साली जपानमधील चाचणीत नोंदवलेला ताशी ५६५ किलोमीटर हा वेग रॅकेटवरून सुटतानाचा आहे. पलीकडे पोचतानाचा वेग त्याच्या आठव्या हिश्शाच्या आसपास येतो.

या ब्रेकमुळेच बॅडमिंटन हा निव्वळ ताकदीचा खेळ राहत नाही. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकर यांनी १९५६ साली क्वालालंपूरला स्पर्धा जिंकली आणि ते परदेशातील आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. त्यांची ख्याती होती ती मनगटाच्या हुकमतीची आणि जाळ्याजवळच्या नाजूक फटक्यांची. एकाच हालचालीतून फूल मागच्या रेषेवर जाईल की जाळ्याशी गळून पडेल, हे समोरच्याला कळू द्यायचे नाही, ही ती कला. हवेच्या रोधाशिवाय ती शक्यच झाली नसती.

उरलेले तीन दशांश सेकंद

रोधाचा दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. हवा नसती तर ताशी २४० किलोमीटरचा स्मॅश ९.६ मीटर अंतर सुमारे ०.१४ सेकंदात कापून गेला असता. माणसाला काही दिसल्यापासून स्नायू हलायला सुरुवात होईपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात. म्हणजे फूल दिसून हात हलण्याआधीच ते जमिनीवर पडले असते. हवेमुळे याच प्रवासाला सुमारे ०.४९ सेकंद लागतात. प्रतिक्रियेचा वेळ वजा केला, की खेळाडूच्या हाती सुमारे तीन दशांश सेकंद उरतात. बॅडमिंटन खेळता येते ते या तीन दशांशांमुळे.

एवढ्या वेळात जेमतेम एक पाऊल टाकता येते. हे पाऊल टाकता यावे म्हणून खेळाडू गुडघे वाकवून, टाचा किंचित उचलून, वजन पुढच्या पंजांवर ठेवून उभा असतो. प्रतिस्पर्ध्याची रॅकेट फुलाला लागते त्या क्षणी तो एक बारीकशी उडी घेतो. त्याने पोटऱ्या आणि मांड्यांचे स्नायू ताणले जातात आणि पुढचे पाऊल कोणत्याही दिशेला झटकन सुटते. चांगल्या खेळाडूचे वर्षानुवर्षांचे कष्ट या एका पावलावर खर्च होतात. आता हेच पाऊल कृत्रिम पायाने टाकायचे आहे असे समजा.

बिजागरीचा गुडघा

गुडघ्याच्या वरून पाय कापला, की दोन सांधे जातात, गुडघा आणि घोटा. त्यांच्याबरोबर पोटरीचे स्नायू जातात. चालताना, धावताना शरीराला पुढे ढकलण्याचे मोठे काम हे स्नायू करतात. कृत्रिम पाऊल स्प्रिंगसारखे दबून थोडी ऊर्जा परत देऊ शकते, पण दाबताना दिली त्याहून अधिक ऊर्जा ते देऊ शकत नाही. उरलेली सगळी ऊर्जा कंबरेच्या आणि मांडीच्या स्नायूंनी पुरवायची असते. असा पाय लावून साधे चालायलाही, तेवढ्याच अंतरासाठी, दीडपटीच्या आसपास ऊर्जा लागते.

तिसरी हानी चटकन लक्षात येत नाही. आपल्या स्नायूंत आणि सांध्यांत ताण व कोन मोजणारे संवेदक असतात. डोळे मिटले तरी आपला गुडघा किती वाकला आहे हे आपल्याला कळते ते त्यांच्यामुळे. कृत्रिम गुडघ्याला ही जाणीव नसते. तो कोणत्या स्थितीत आहे हे मांडीच्या उरलेल्या भागावर पडणाऱ्या दाबावरून ओळखावे लागते. मेंदूला ही नवी भाषा शिकायला महिने लागतात.

साध्या यांत्रिक गुडघ्याचे गणित वर्गात दाखवता येते. दोन फूटपट्ट्या बिजागरीने जोडा आणि बिजागरी एकाच बाजूला दुमडेल असे पाहा. ही जोडी उभी धरून वरून हळूच दाबा. दाबाची रेषा बिजागरीच्या पुढून गेली तर पट्ट्या ताठ राहतात. ती किंचितही मागून गेली तर पट्ट्या मुडपतात. कृत्रिम गुडघाही असाच वागतो. वजनाची रेषा त्याच्या पुढून जाते तोवर तो आधार देतो. ती मागे सरकली, की गुडघा दुमडतो आणि माणूस पडतो. खरा गुडघा अशा वेळी मांडीच्या पुढच्या स्नायूने सावरला जातो. यंत्राच्या गुडघ्याला तो स्नायू नाही.

मग बॅडमिंटनच्या त्या 'दोन्ही गुडघे वाकवून तयार' पवित्र्याचे काय होणार? तो जमत नाही. कृत्रिम पाय बराचसा ताठ ठेवून वजन चांगल्या पायावर पेलावे लागते. त्यातही पुढे जाण्यापेक्षा मागे जाणे कठीण, कारण मागे सरकताना वजनाची रेषा गुडघ्याच्या मागे जाण्याचा धोका सर्वांत जास्त असतो.

कृत्रिम पाय शरीराला जोडला जातो तो सॉकेटने. मांडीचा उरलेला भाग ज्यात घट्ट बसतो त्या कपाला सॉकेट म्हणतात. मांडीचा आकार मात्र स्थिर नसतो. वजन वाढते-घटते, स्नायू आकसतात किंवा भरतात, आणि आमच्याकडच्या दमट हवेत तासाभराच्या खेळात सॉकेटच्या आत घाम साचतो. सॉकेट सैल झाले, की मांडी हलल्यावर पाय लगेच हलत नाही, मधली फट भरून निघावी लागते. सायकलची सैल साखळी पहिल्या पाव फेऱ्यात नुसतीच ताणली जाते, तसे हे आहे. हाती तीनच दशांश सेकंद असताना ही फट फार महाग पडते. बाझेलच्या विजयानंतर मानसीने आपल्या तयारीविषयी लिहिले होते. त्यात वजन उतरवणे, स्नायू कमावणे आणि अधिक सराव यांच्या जोडीने तिने नव्या सॉकेटचाही उल्लेख केला होता. जुने सॉकेट तिने सुमारे पाच वर्षे वापरले होते आणि व्यायामात ते तिचा वेग रोखत होते. खेळाडूचे यश कष्टाचे असते हे खरेच आहे. पण त्या कष्टाला यंत्राची नेमकी साथ लागते, हे या अभियंता खेळाडूने नीट ओळखले होते.

अर्धे मैदान

पॅरा-बॅडमिंटनमध्ये खेळाडूंचे सहा वर्ग केलेले आहेत. दोन वर्ग चाकाच्या खुर्चीवरून खेळणाऱ्यांचे, दोन पायांत दोष असूनही उभ्याने खेळणाऱ्यांचे, एक हाताचा दोष असणाऱ्यांचा आणि एक कमी उंचीच्या खेळाडूंचा. उभ्याने खेळणाऱ्यांत पायाचा दोष अधिक असलेला वर्ग एसएल-३. मानसी याच वर्गात खेळते. या वर्गाची एकेरी रुंदीने अर्ध्या मैदानावर खेळली जाते. लांबी, जाळ्याची उंची, फूल, रॅकेट आणि २१ गुणांचा गेम यांत काहीही बदल नाही.

हा नियम नीट पाहिला तर त्यामागचा विचार कळतो. एकेरीचे पूर्ण मैदान ५.१८ मीटर रुंद असते. अर्ध्या रुंदीच्या मधोमध उभे राहिले, की रॅकेटसह हात लांबवून आणि एक पाऊल टाकून दोन्ही कडा आवाक्यात येतात. म्हणजे या खेळाडूंना सर्वांत अन्यायकारक ठरणारी बाजूची धाव नियमाने काढून टाकली आहे. पण जाळ्यापासून मागच्या रेषेपर्यंतचे ६.७ मीटर तसेच ठेवले आहेत. आडवे डावपेच कमी झाले, की सगळा सामना उभ्या दिशेने होतो. जाळ्याशी नाजूक फूल टाकून प्रतिस्पर्ध्याला पुढे ओढायचे, मग उंच फटक्याने मागे पाठवायचे. उंच उडालेले फूल शेवटी अंत्य वेगाच्या जवळपास येऊन जवळजवळ सरळ खाली पडते, त्यामुळे ते मागच्या रेषेच्या अगदी आत टाकता येते. आणि मागे जाणे हीच कृत्रिम पायाची सर्वांत अवघड चाल आहे. या वर्गातले कसब, फसवणूक, संयम सगळे या एका रेषेवर पणाला लागते. खेळ सोपा झालेला नाही. कोणत्या गोष्टीची परीक्षा घ्यायची, तेवढे बदलले आहे.

पदक आहे, स्पर्धाच नाही

कारकीर्द म्हटली की आपण पदके मोजतो. तिचा दुसरा भाग नियम आणि वेळापत्रक यांनी ठरतो. बॅडमिंटन पॅरालिंपिकमध्ये प्रथम आले ते टोकियोत, २०२१ साली. भारताच्या प्रमोद भगत आणि कृष्णा नागर यांनी तिथे सुवर्णपदके जिंकली. पण तिथल्या १४ प्रकारांत महिलांची एसएल-३ एकेरी नव्हतीच. पुरुषांची होती, महिलांची नव्हती. दोन वर्षांपूर्वीच्या जगज्जेतीला आपल्या वर्गात एकेरी खेळायला स्पर्धाच उपलब्ध नव्हती. २०२४ साली पॅरिसमध्ये प्रकार १६ झाले आणि त्यांत हा वर्ग आला. तोवर मानसी ३५ वर्षांची झाली होती. गटातले दोन्ही सामने तिसऱ्या गेमपर्यंत नेऊन ती हरली.

मधल्या वर्षांत, २०२२ साली, ती आपल्या वर्गात जागतिक क्रमवारीत पहिली होती आणि त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कारही तिला मिळाला. तरीही तो पाच वर्षांचा अवधी आम्हाला महत्त्वाचा वाटतो. खेळाडूच्या शरीराचे घड्याळ समित्यांच्या निर्णयासाठी थांबत नाही. शाळेतल्या मुलांचेही थांबत नाही. इयत्ता नववी एकदाच येते.

करून पाहा

शिक्षकांसाठी दोन उपक्रम सुचवतो. पहिला प्रयोगशाळेबाहेरचा. एक जुने, पण पिसे शाबूत असलेले फूल घ्या. जिन्याच्या मोकळ्या जागेतून ३, ६, ९ आणि १२ मीटर उंचीवरून ते सोडा. खाली कोणी उभे नाही ना, ते पाहा. प्रत्येक उंचीवरून दहा वेळा वेळ मोजून सरासरी काढा, कारण हाताने घड्याळ दाबण्यातली चूक एक-दोन दशांश सेकंदांची असते. हिशेबाने हे आकडे सुमारे ०.८७, १.३६, १.८१ आणि २.२६ सेकंद यायला हवेत. आता लागोपाठच्या आकड्यांची वजाबाकी करा. पहिले ३ मीटर पडायला ०.८७ सेकंद लागतात, पुढचे ३ मीटर ०.४९ सेकंदात, त्यानंतरचे दोन्ही टप्पे प्रत्येकी सुमारे ०.४५ सेकंदात. शेवटचे दोन फरक जवळजवळ सारखे का, हे मुलांनाच विचारा. अंत्य वेगाची व्याख्या मग पाठ करावी लागणार नाही.

दुसरा उपक्रम मैदानावरचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या १६ व्या कलमानुसार, दिव्यांग मुलांना इतरांच्या बरोबरीने शिक्षण देण्याबरोबरच खेळाची व करमणुकीची संधी देणे हेही शाळेचे कर्तव्य आहे. त्यासाठी निधीची वाट पाहावी लागत नाही. बॅडमिंटनच्या मैदानाची मधली रेषा आखलेलीच असते. ती जाळ्यापासून १.९८ मीटर अलीकडे थांबते. तेवढी खडूने जाळ्यापर्यंत वाढवली, की अर्धे मैदान तयार. कोणत्या मुलाला कोणती हालचाल करू द्यायची, हे मात्र त्याच्या पालकांशी आणि डॉक्टरांशी बोलून ठरवावे. धडधाकट मुलांनाही याच अर्ध्या मैदानावर खेळू द्या. पुढे-मागे धावण्यात किती दम लागतो ते त्यांना पाच मिनिटांत कळेल.

त्या दिवशी आमचे व्याख्यान संपल्यावर खेळाच्या बाईंनी खडू आणला आणि रेषा जाळ्यापर्यंत ओढली. वही दुसऱ्या मुलाच्या हाती गेली. नववीतली ती मुलगी आपल्या मैत्रिणीशी अर्ध्या मैदानावर ११ गुणांचा एक गेम खेळली आणि ११-४ असा हरली. हरल्यावर ती धापा टाकत आमच्याकडे आली. जाळ्याशी टाकलेले फूल पलीकडे गेल्यावर सरळ खालीच का पडते, हे तिला विचारायचे होते. आम्ही म्हटले, त्याचे उत्तर अंत्य वेगाच्या हिशेबातच आहे. आधी जिन्यातला प्रयोग करा, मग बोलू.